लहान मुलांचं हृदय आणि आपली शाळा

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तीस वर्षांनी या हॉलमध्ये उभी आहे. तेव्हा या माईकपाशी यायची संधी फक्त वक्तृत्व स्पर्धेत मिळायची आणि जरा रंगात आलं की घंटा वाजायची. आज संयोजकांनी वीस मिनिटं दिली आहेत. घंटा कोणाच्या हातात दिसत नाही, म्हणून जरा निवांत बोलते.

मला सांगितलं होतं, ‘तुझ्या क्षेत्राबद्दल बोल.’ माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. इथल्या निम्म्या जणांची मुलं त्याच वाटेने निघाली आहेत आणि त्यांना नवीन गोष्टी माझ्याआधी कळतात. म्हणून मी विषय बदलून मागितला. लहान मुलांच्या हृदयातले जन्मजात दोष आणि त्यांच्या शस्त्रक्रिया, हा तो विषय. मी डॉक्टर नाही. पण २०११ साली माझी मुलगी हृदयात असा दोष घेऊन जन्माला आली आणि गेली चौदा वर्षं मी हा विषय घरातल्या घरात शिकत आले. एखादी गोष्ट बिघडली की ती मुळात चालते कशी, हे समजल्याशिवाय इंजिनियरला चैन पडत नाही. आपल्या तुकडीतले दोन डॉक्टर समोर बसले आहेत. भाषण त्यांच्या नजरेखालून घातलं आहे, त्यामुळे निर्धास्त ऐका.

आधी आठवीच्या विज्ञानाची थोडी उजळणी. हृदयाला चार कप्पे. उजवी बाजू शरीरातून आलेलं, प्राणवायू कमी झालेलं रक्त फुप्फुसांकडे ढकलते. डावी बाजू फुप्फुसांतून आलेलं ताजं रक्त सगळ्या अंगाला पुरवते. मध्ये भिंत. दोन पंप एकाच आवरणात, पण पाणी एकमेकांत मिसळू द्यायचं नाही, अशी ही रचना. आईच्या पोटात पहिल्या आठ आठवड्यांत एका साध्या नळीला पीळ पडून, तिच्यात पडदे तयार होऊन हे सगळं घडतं. इतकं गुंतागुंतीचं काम इतक्या वेळा बिनचूक होतं हेच नवल आहे. साधारण शंभर बाळांमागे एका बाळाच्या बाबतीत कुठेतरी काहीतरी राहून जातं.

त्यातले बरेच दोष सौम्य असतात. एखादं लहान छिद्र असतं, ते आपोआप बुजतं किंवा मांडीच्या शिरेतून नळी घालून बंद करता येतं. पण काही दोष गुंतागुंतीचे असतात. माझ्या मुलीला होता त्याला टेट्रालॉजी ऑफ फॅलो म्हणतात. फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या फॅलो नावाच्या डॉक्टरांनी १८८८ साली त्याचं नेमकं वर्णन केलं. टेट्रालॉजी म्हणजे चार गोष्टी एकत्र. खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला मोठं छिद्र. फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. शरीराला रक्त नेणारी महाधमनी जागेवरून सरकून त्या छिद्राच्या वर आलेली. आणि अरुंद वाटेतून जोर लावून लावून उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली. परिणाम असा, की अशुद्ध रक्ताला फुप्फुसात जायला वाट अपुरी पडते आणि ते छिद्रातून थेट महाधमनीत शिरतं. बाळाचे ओठ, जीभ, नखं निळसर जांभळी दिसतात. इंग्रजीत अशा मुलांना ब्लू बेबी म्हणत.

आता एक आठवण सांगते. आपल्यातल्या जे पहिलीपासून या शाळेत होते, त्यांना ती मुलगी आठवत असेल. नाव घेत नाही. चौथीपर्यंत आपल्यासोबत होती. बारीक अंगाची, हुशार, पाढे घडाघडा म्हणायची. मधल्या सुट्टीत खेळताना चार पावलं धावली की मैदानातच उकिडवी बसायची. गुडघे पोटाशी घेऊन पाच-दहा मिनिटं बसून राहायची आणि मग उठून वर्गात यायची. ओठ कायम जांभूळ खाल्ल्यासारखे. बोटांची टोकं फुगीर. बाईंनी तिला कवायतीतून सूट दिली होती आणि प्रार्थनेला ती बसून राहिली तरी तिला कोणी काही म्हणत नसे. डॉक्टरांनी ‘हृदयाला छिद्र आहे, मुंबईला न्या’ असं घरच्यांना सांगितलं होतं, हे तिच्या आईने माझ्या आईला नंतर सांगितलं. मुंबईला जाणं झालं नाही. पाचवीच्या वर्गात ती आली नाही.

ती उकिडवी का बसत होती, हे मला माझी मुलगी पाच महिन्यांची झाली तेव्हा कळलं. एके दिवशी सकाळी रडता रडता मुलगी एकदम काळीनिळी पडली. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं आणि काय करायचं तेही शिकवलं होतं. बाळाला उताणं धरायचं आणि दोन्ही गुडघे छातीशी दाबून ठेवायचे. शेतातले पाट आठवा. एका पाटाचं तोंड दाबलं की पाणी दुसऱ्या पाटाला वळतं. पाय दुमडून दाबले की खालच्या अंगाच्या रक्तवाहिन्यांत रक्ताला अडथळा वाढतो आणि तेच रक्त फुप्फुसाकडे जास्त जातं. दोन-तीन मिनिटांत माझ्या मुलीचा रंग परतला. आम्हाला डॉक्टरांनी शिकवलेली युक्ती आपल्या वर्गातल्या त्या मुलीच्या शरीराने स्वतःची स्वतः शोधून काढली होती. ती दिवसातून दहा वेळा आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आपलं लक्षण दाखवत होती. फक्त ते वाचता येणारं माणूस तिच्या आसपास नव्हतं.

लक्षण वाचता येणारं माणूस. हा आज मला सांगायचा मुख्य मुद्दा आहे. या शस्त्रक्रियांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा मला वाटलं होतं की ही मोठ्या सर्जनांच्या हातांची गोष्ट असेल. ती आहेच. पण वाचत गेले तसं दिसलं, की दर टप्प्यावर कोणीतरी आधी नीट पाहिलं आहे, ते लिहून ठेवलं आहे, मोजलं आहे, आणि त्यानंतर सर्जनच्या हाताला यश आलं आहे.

पहिलं उदाहरण बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातलं. तिथे हेलन टॉसिग नावाच्या डॉक्टर मुलांचा हृदयविभाग सांभाळत. तरुणपणीच त्यांची ऐकण्याची शक्ती खूप कमी झाली होती. हृदयाचे डॉक्टर स्टेथोस्कोपवर जगतात आणि या बाई मुलांच्या छातीवर बोटं ठेवून ठोके ओळखायला शिकल्या. निळी मुलं पाहता पाहता त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. गर्भात असताना महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांना जोडणारी एक छोटी नळी असते, तिला डक्टस म्हणतात. जन्मानंतर ती बंद होते. टॉसिगबाईंनी पाहिलं, की निळ्या मुलांपैकी ज्यांची ही नळी उघडी राहते ती तग धरतात आणि ती बंद झाली की खालावतात. मग त्यांनी विचारलं, ही नळी आपण नव्याने करून दिली तर?

हा प्रश्न त्यांनी तिथले सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्यापुढे ठेवला. ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत व्हिव्हियन थॉमस नावाचे कृष्णवर्णीय सहायक होते. मूळचे सुतारकाम करणारे. डॉक्टर व्हायचं म्हणून पैसे साठवले होते, ते महामंदीत बँक बुडाली तेव्हा गेले. ब्लेलॉक यांच्याकडे त्यांनी १९३० साली नोकरी धरली, तेव्हा काम संशोधनाचं आणि कागदोपत्री हुद्दा झाडूवाल्याचा, पगारही तोच. नवी नळी कशी जोडायची याची पद्धत थॉमस यांनी कुत्र्यांवर सुमारे दोनशे वेळा प्रयोग करून बसवली. इतक्या लहान रक्तवाहिन्या शिवायला हत्यारं नव्हती, तीही जुळवली.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी पहिलं ऑपरेशन झालं. बाळ पंधरा महिन्यांचं, वजन जेमतेम चार किलो. हाताकडे जाणारी एक धमनी वळवून फुप्फुसाच्या धमनीला जोडली. ब्लेलॉक यांच्या मागे एका स्टुलावर थॉमस उभे होते आणि टाका कुठे, कोणत्या दिशेने घालायचा ते सांगत होते. ते बाळ त्या दिवशी वाचलं, पण पुढे काही महिन्यांनी गेलं. त्यानंतरच्या मुलांमध्ये मात्र टेबलावरच ओठांचा रंग जांभळ्याचा गुलाबी झालेला सगळ्यांनी पाहिला. जगभरातून आईबाप मुलांना घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. १९४५ साली शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यावर थॉमस यांचं नाव नव्हतं. पुढे त्यांच्या हाताखाली शिकलेले सर्जन अमेरिकेत नावारूपाला आले. १९७६ साली त्याच विद्यापीठाने थॉमस यांना मानद डॉक्टरेट दिली. आज बरेच डॉक्टर त्या ऑपरेशनच्या नावात थॉमस यांचंही नाव घेतात.

पण हे ऑपरेशन म्हणजे वळसा होता. हृदयाच्या आतला दोष तसाच राहत होता. आत जायचं तर हृदय थांबवावं लागणार आणि ते थांबलं की काही मिनिटांत मेंदू जाणार. फिलाडेल्फियाच्या जॉन गिबन यांनी मे १९५३ मध्ये हृदय आणि फुप्फुस दोघांचं काम करणारं यंत्र वापरून एका तरुणीचं ऑपरेशन यशस्वी केलं, पण पुढचे रुग्ण वाचले नाहीत. मग मिनेसोटाच्या वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ साली एक विलक्षण गोष्ट केली. मुलाला शेजारी झोपवलेल्या बापाच्या किंवा आईच्या रक्ताभिसरणाशी नळ्यांनी जोडायचं. मुलाचं अशुद्ध रक्त बापाच्या अंगात, आणि बापाच्या फुप्फुसांत शुद्ध झालेलं रक्त परत मुलाच्या अंगात. तेवढ्या वेळात मुलाचं हृदय उघडून दुरुस्त करायचं. एका ऑपरेशनमध्ये दोन जीव टेबलावर.

पहिलं मूल अकरा दिवसांनी न्यूमोनियाने गेलं. तरी पुढचे आईबाप आले. अशी एकूण ४५ ऑपरेशनं झाली आणि २८ मुलं बरी होऊन घरी गेली. टेट्रालॉजीची संपूर्ण दुरुस्ती जगात पहिल्यांदा याच पद्धतीने, ३१ ऑगस्ट १९५४ रोजी झाली. लवकरच यंत्रं सुधारली आणि आईबापांना झोपवायची गरज उरली नाही. हे वाचताना मी वारंवार त्या सतरा घरांचा विचार करते, जिथे मूल परत आलं नाही. आज माझ्या मुलीच्या ऑपरेशनला डॉक्टर ‘नेहमीचं ऑपरेशन’ म्हणू शकतात, त्यात त्या घरांचा वाटा आहे.

पुढची प्रगती भराभर झाली. काही बाळांत हृदयातून निघणाऱ्या दोन्ही मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेली असते. शुद्ध रक्त फुप्फुसातच फिरत राहतं आणि अशुद्ध रक्त अंगात. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या अदिब जतेने यांनी १९७५ साली या धमन्या कापून परत योग्य जागी लावल्या. त्यांच्यासोबत हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या, शेवईएवढ्या बारीक रक्तवाहिन्याही उचलून नव्या जागी शिवाव्या लागतात. काही मुलांच्या हृदयात एकच कप्पा कामाचा असतो. फ्रान्समधल्या बोर्दोच्या फ्रान्सिस फॉन्तां यांनी १९७१ साली अशा मुलांसाठी अशुद्ध रक्त पंपाशिवाय थेट फुप्फुसाकडे सोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. एकच सर्व्हर उरला तर सगळा भार त्याच्यावर घेऊन यंत्रणा चालू ठेवायची, असं मी आमच्या ऑफिसात समजावून सांगते.

आता माझ्या घरातलं. मुलीच्या जन्मानंतर दुसऱ्या दिवशी एका नर्सताईंनी तिच्या पायाला प्राणवायू मोजायची क्लिप लावली. आकडा आला ८८. बाळ रडत होतं, दूध पीत होतं, रंगही आम्हाला ठीक वाटत होता. नर्सताईंनी दुसरी क्लिप आणून परत मोजलं, कागदावर लिहिलं आणि डॉक्टरांना बोलावलं. संध्याकाळी इको झाला आणि दोषाचं नाव कळलं. ती आठ महिन्यांची, सात किलोची झाल्यावर मुंबईत ऑपरेशन ठरलं.

सात किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त साधारण अर्धा लिटर, म्हणजे दुधाच्या एका पिशवीएवढं. हृदय तिच्या मुठीएवढं. त्या मुठीत शिरून काम करायचं. ऑपरेशनआधी रक्तदाते जमवायला सांगितलं होतं. माझ्या ऑफिसातले नऊ जण आणि याच तुकडीतले तिघं आले होते. ते तिघं आज इथे आहेत, त्यांना ठाऊक आहे मी कोणाबद्दल बोलते आहे.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी मुलीला भूलतज्ज्ञांच्या हातात दिलं. आत काय होतं ते मी आधीच नीट विचारून घेतलं होतं. छातीचं हाड मधोमध उघडतात. रक्त यंत्राकडे वळवतात, अंग थंड करतात. पोटॅशियमचं थंड द्रावण देऊन हृदय थांबवतात. भिंतीतल्या छिद्रावर ठिगळ शिवतात, अरुंद वाटेतला जाड झालेला स्नायू कापून काढतात आणि गरज पडली तर तिथेही ठिगळ लावून वाट रुंद करतात. मग हृदयाला परत रक्त मिळतं आणि ते आपलं आपण धडधडू लागतं. बाहेर माझ्या सासूबाई जप करत होत्या, नवरा भिंतीवरचं घड्याळ बघत होता आणि मी हातातल्या फाइलमधले आकडे परत परत वाचत होते. साडेपाच तासांनी सर्जन बाहेर आले. अतिदक्षता विभागात मुलगी दिसली ती नळ्यांच्या जाळ्यात. मी आधी तिच्या पायाची नखं पाहिली. गुलाबी होती.

त्या रात्री माझ्या लक्षात राहिली ती आणखी एक गोष्ट. मुलीला थिएटरमधून आणलं तेव्हा खाटेभोवती सात-आठ माणसं होती आणि पूर्ण शांतता. एकच डॉक्टर ठरलेल्या क्रमाने बोलत होते, औषधं, नळ्या, रक्त, काय घडलं, काय घडू शकतं. समोरचा माणूस ऐकून परत म्हणून दाखवत होता. आमच्याकडे रात्रपाळीच्या टीमला काम सोपवताना आम्ही असंच करतो, म्हणून मी कुतूहलाने शोध घेतला.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं, की ऑपरेशन उत्तम होऊनही मूल थिएटरमधून अतिदक्षता विभागात हलवताना घोटाळे होतात. दमून बसलेल्या डॉक्टरांनी टीव्हीवर फॉर्म्युला वन शर्यत पाहिली. काही सेकंदांत चाकं बदलणाऱ्या त्या टीममध्ये प्रत्येकाचं काम ठरलेलं आणि कोणी बडबड करत नाही. हे डॉक्टर चक्क फेरारीच्या लोकांना भेटून आले, कामाचा क्रम नव्याने बसवला आणि २००७ साली निष्कर्ष छापले. मुलाबद्दलची महत्त्वाची माहिती सांगायची राहून जाण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं.

त्याच रुग्णालयातले सर्जन मार्क द लेव्हाल यांची गोष्ट मी आमच्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येक इंजिनियरला सांगते. त्यांनी धमन्यांच्या अदलाबदलीची ऑपरेशनं केली. पहिल्या ५२ मुलांत एकच मृत्यू. आणि पुढच्या १६ मुलांत सात. कोणीही म्हणालं असतं, दिवस वाईट होते, मुलं फार अवघड होती. द लेव्हाल यांनी स्वतःच्या ऑपरेशनांचा ओळीने हिशेब मांडला, तो आलेखावर काढला, दुसऱ्या शहरात चांगले निकाल असलेल्या सर्जनकडे जाऊन पुन्हा शिकले, आणि त्यानंतरचे निकाल सुधारले. हा सगळा हिशेब त्यांनी १९९४ साली स्वतः जाहीर छापला.

याच्या उलट घडलं त्याच देशातल्या ब्रिस्टलमध्ये. तिथे स्टीफन बोलसिन नावाच्या भूलतज्ज्ञांना १९८८ पासून जाणवत होतं, की मुलांची ऑपरेशनं फार लांबतात आणि फार मुलं दगावतात. त्यांनी नोंदी ठेवल्या, वरिष्ठांना सांगितलं. वर्षानुवर्षं कोणी ऐकलं नाही. पुढे चौकशी झाली. २००१ च्या अहवालानुसार १९९१ ते १९९५ या काळात वर्षाच्या आतली ३० ते ३५ मुलं अशी गेली, जी तशाच दुसऱ्या रुग्णालयात कदाचित गेली नसती. तिथल्या लोकांना मुलांविषयी आस्था नव्हती असं अहवाल म्हणत नाही. आस्था होती, पण निकाल मोजून त्यावर उघडपणे बोलायची पद्धत नव्हती. बोलसिन यांना देश सोडून ऑस्ट्रेलियात जावं लागलं. पण त्यानंतर ब्रिटनमध्ये मुलांच्या हृदय शस्त्रक्रियांचे निकाल केंद्रवार जाहीर होऊ लागले.

म्हणून कोणी मला विचारलं, ‘आमच्या नातवाचं ऑपरेशन आहे, कुठे करू?’ तर मी कोणाचं नाव सांगत नाही. डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगते. हेच ऑपरेशन इथे वर्षाला किती होतात? किती मुलं बरी होऊन घरी जातात? ऑपरेशननंतर रात्री मुलापाशी कोण असतं? चांगल्या ठिकाणी या प्रश्नांचा कोणालाही राग येत नाही.

आता आपल्याकडचं. भारतात दर वर्षी दोन लाखांहून जास्त मुलं जन्मजात हृदयदोष घेऊन जन्मतात, असा अंदाज आहे. त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्याला वर्षाच्या आत उपचार लागतात. चांगल्या केंद्रात टेट्रालॉजीची दुरुस्ती झाल्यावर शंभरातली पंच्याण्णवहून जास्त मुलं वाचतात. आपल्या देशातले सर्जन या कामात कुठेही कमी नाहीत. अडतं ते त्यांच्यापर्यंत मूल पोचण्यात. आधी दोष ओळखला जात नाही, ओळखला तर खर्चाची भीती, आणि ती दूर झाली तर पुढची तारीख कोणी लक्षात ठेवत नाही.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी सरकारी वाट आहे आणि ती अनेकांना माहीत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यात डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा येऊन मुलं तपासतं. जन्मजात हृदयदोष त्या यादीत आहेत आणि पुढच्या उपचारांची सोयही आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतही अशा शस्त्रक्रिया बसतात. १९८८ साली आपल्या वर्गातल्या त्या घरापुढे यातलं काहीच नव्हतं.

तिसरी गोष्ट, म्हणजे पाठपुरावा. तो कोणत्याही योजनेत कागदावर असला तरी करावा माणसालाच लागतो. ऑपरेशन झालं की गावभर पेढे वाटले जातात आणि फाइल माळ्यावर जाते. पण दुरुस्त केलेलं हृदय आयुष्यभर बघत राहावं लागतं. टेट्रालॉजीच्या बऱ्याच मुलांना मोठेपणी फुप्फुसाच्या वाटेवरची झडप बदलावी लागते. माझी मुलगी आता नववीत आहे. ती सायकल चालवते, माझ्याशी कडाकडा भांडते, आणि दर वर्षी इकोला जाते. पुढे तिलाही झडप लागणार, हे तिला माहीत आहे. तिची फाइल आता ती स्वतः सांभाळते. कधी, कुठे, कोणता आकडा आला, सगळं तिच्या वहीत आहे.

म्हणून तुकडीपुढे एक विनंती ठेवते. आपण शाळेसाठी निधी जमवला आहे. त्यातून रंगकाम होईल, संगणक येतील, ते व्हायलाच हवं. त्यासोबत तीन छोट्या गोष्टी करू या. एक, दर जूनमध्ये आपल्या तुकडीतले डॉक्टर शिक्षकांना तासभर सांगतील, कोणती लक्षणं दिसली तर मूल तपासायला पाठवायचं. खेळताना उकिडवं बसणारं, ओठ-नखं निळी असणारं, जिना चढताना थांबणारं, वजन न वाढणारं मूल. दोन, तपासणी पथक शाळेत येईल त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांची यादी शाळेने काढावी आणि त्यांना वेगळं तपासून घ्यावं, कारण आजारी मूल नेमकं त्या दिवशी घरी असतं. तीन, ज्या मुलाला पुढे पाठवायला सांगितलं असेल त्याची नोंद एका वहीत. कधी पाठवलं, कोण सोबत गेलं, काय झालं, पुढची तारीख कोणती. दर तीन महिन्यांनी आपल्यातल्या कोणीतरी ती वही उघडून बघायची. सोबत जायला माणूस नसेल तर आपण जायचं. एसटीचं भाडं आणि एक दिवसाची रजा, एवढाच खर्च आहे.

मुख्याध्यापकांशी मी सकाळी बोलले आहे, त्यांनी होकार दिला आहे. वही मी आणली आहे, दोनशे पानी, आणि त्यात रकाने आखून आणले आहेत. सॉफ्टवेअर नंतर करू, आधी वही भरायची सवय लागू दे. ज्यांना नाव नोंदवायचं आहे त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे यावं, जेवणानंतर तुम्ही सापडणार नाही.